लाल रेघेतला जपान

"मुन्शीजी, दोपहर तक तर्जुमा होना," असं म्हणत अमीनसाहेबांनी पुस्तक माझ्या मेजावर आपटलं.

मी बीदरच्या तालुकदार कचेरीत मुतर्जिम होतो. मुतर्जिम म्हणजे भाषांतर करणारा कारकून. निजामाच्या राज्यात कागद उर्दूत चाले आणि रयत मराठीत नाहीतर कानडीत बोले. दोघांच्या मधे मी. अमीन म्हणजे फौजदार आणि तालुकदार म्हणजे आजचा कलेक्टर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पुस्तक मराठी होतं, जपानवरचं, पुण्याहून नुकतंच छापून आलेलं. हळ्ळीखेडच्या वाचनालयातून जप्त केलेलं. वाचनालय म्हणजे संगप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या घरातली पुढची खोली आणि एक कपाट. अमीनसाहेबांनी तिला कुलूप ठोकलं होतं आणि संगप्पाला कचेरीच्या ओसरीवर आणून बसवलं होतं. तर्जुम्यात बगावत निघाली की वाचनालय कायमचं बंद आणि संगप्पा तुरुंगात.

एका वाक्याखाली लाल पेन्सिलीची जाड रेघ होती. "बस, इतनाच करो," अमीनसाहेब म्हणाले.

इतनाच करून मोकळा होणारा मी नव्हतो. पुस्तक वाचल्याशिवाय त्यातलं वाक्य उतरवायचं नाही, हा माझा नेम होता. मी सकाळभर वाचत बसलो. कागदाच्या खिडक्या, भूकंप, तलवारी खाली ठेवून शाळा काढणारे सरदार. रेशमाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पोरींचे हालही त्या लेखकानं लपवले नव्हते. वाचता वाचता मला अमीनसाहेबांचा विसर पडला.

पाणी प्यायला बाहेर आलो तर संगप्पा उठून उभे राहिले.

"अण्णा, काय वाईट लिवलंय वं त्यात?"

"धरलं तेव्हा तुम्ही काय वाचत होता?"

"आंघुळीचं वाचायलोतो. तिकडं आधी अंग धुतेत, मग कढत पाण्यात बसतेत. समदं घर एकाच पाण्यात! आमच्या म्हाताऱ्याला ते पटंना. भांडण लागलं. तेवढ्यात अमीन आला."

मी परत आत गेलो आणि लाल रेघेवर आलो. 'जपानने जगभरची विद्या घरी आणली, पण मुलांना ती आपल्या भाषेत शिकवली. म्हणून तो देश उभा राहिला.'

हे मी आधी कुठंतरी वाचलं होतं. कुठं, तेही आठवलं. उच्च शिक्षण उर्दूत द्यायचं म्हणून सरकारला जपानचा भारी पुळका होता. तालीम, म्हणजे शिक्षण, खात्यानं कचेरीला जपानवरचं एक उर्दू पुस्तक पाठवलं होतं. कपाटातून काढलं. धूळ झटकली. हेच वाक्य तिथंही होतं. मी ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं. अक्षरावरचा एक नुक्ता, एक ठिपकाही इकडचा तिकडं केला नाही.

तालुकदारसाहेबांनी कागद वाचला. साहेब उर्दूत बोलले, मी मराठीत सांगतो.

"ही उघड बगावत आहे. भाषा तर बघा किती जहरी!"

"भाषा माझी नाही, हुजूर." मी उर्दू पुस्तक पुढं ठेवलं. वर सरकारी शिक्का होता. "याचा चोख तर्जुमा सरकारनंच आधी करून ठेवलाय. मी नुसता नकलून घेतला."

साहेबांनी दोन्ही ताडून पाहिलं. अमीनसाहेब छताकडं बघू लागले.

"ते उर्दूबद्दल आहे," साहेब म्हणाले.

"दोन्हीकडं 'आपली भाषा' असंच आहे, हुजूर. हळ्ळीखेडची आपली भाषा कोणती, ते संगप्पांना विचारू का? बाहेरच बसलेत."

मला राग अनावर झाला होता. आंघोळीच्या गोष्टीवर भांडणाऱ्या माणसाला हे तुरुंगात घालायला निघाले होते.

साहेब हळूच म्हणाले, "त्या ओळीवर शाई फासा आणि पुस्तक देऊन टाका."

"दोन्ही पुस्तकांत फासतो. हुकूम तेवढा लेखी द्यावा."

लेखी हुकमाची नक्कल हैदराबादला जात असे. साहेबांनी मराठी पुस्तक माझ्याकडं सरकवलं आणि दुसरी फाइल उघडली.

संध्याकाळच्या आत वाचनालयाचं कुलूप निघालं. महिन्याच्या आत माझी बदली गुलबर्ग्याच्या रेकॉर्डखान्यात झाली. संगप्पा निरोप द्यायला आले.

"अण्णा, आमच्यापायी स्वतःचं वाटोळं कामून करून घेतलं तुमी?"

"ते राहू द्या. म्हाताऱ्याला पटलं का आंघोळीचं?"

"न्हाई. आजून भांडायलाय."

शाई कधी फासली गेली नाही. अमीनसाहेबांची लाल रेघ मात्र पुस्तकात तशीच राहिली, त्यामुळे हळ्ळीखेडात ते वाक्य कुणाला शोधावं लागलं नाही. नोकरीत मी एवढंच शिकलो, की सरकारनं आपली पुस्तकं कारकुनाच्या हाती देऊ नयेत. तो ती वाचतो आणि खरी मानतो.