शनिवारच्या फळ्यासाठी एक गणित

मी आज जो काही आहे तो आमच्या हायस्कुलातल्या गणिताच्या सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. दहावीनंतर मला काजूच्या कारखान्यात लावायचं वडिलांनी ठरवलं, तेव्हा सर आमच्या घरापुढच्या खळ्यात येऊन बसले आणि वडील ‘बरा’ म्हणेपर्यंत उठले नाहीत. कॉलेजात नाव घालायला एसटीने माझ्याबरोबर तेच आले.

सरांनी शाळेत एक पद्धत पाडली होती. व्हरांड्यातल्या फळ्यावर दर शनिवारी एक गणित लिहिलेलं असे. जो पहिला सोडवेल त्याने पुढच्या शनिवारी नवं गणित घालायचं. नियम एकच, ज्याचं उत्तर आपल्याला येतं तेच घालायचं. नववीत माझी पाळी आली. मी फोंडाघाटातून चढणारी एक एसटी आणि उतरणारी एक एसटी घेतली आणि त्या कुठे भेटतील ते विचारलं. सर वाचून हसले.

“अरे, अरुंद वळणार उतरणारी गाडी थांबता आणि चढणारीक वाट दिता. तो थांबलेलो येळ खंय घातलंस?”

मी तो वेळ घातला. गणित इतकं अवघड झालं की सोडवताना माझाच घाम निघाला. पण त्या आठवड्यात मी जेवताना, नांगरामागून चालताना, झोपेत, सगळीकडे त्याच घाटात होतो आणि फार सुखात होतो.

आता सर निवृत्त आहेत, तरी शनिवारी फळ्यापाशी जातात. फळ्याचा फोटो काढायला मुलांना कुणाचा तरी फोन मिळतोच. फोनमधलं एआय उत्तर देतं आणि पुढचं गणितही तेच घालतं. मुलं फक्त खडू धरतात. मागच्या महिन्यात सरांचा फोन आला.

“मुख्याध्यापकांका फळो काढून त्या भिंतीर सुविचार रंगवूचे आसत. मी म्हटलंय, म्हयन्याच्या शेवटच्या शनवारापर्यंत थांबा. तू माका एक गणित दी. पोरांका डोक्या खाजवूक लागात असा. नायतर मी खडू ठेवतंय खाली.”

“सर, मी प्रयत्न करतो.”

“प्रयत्न नको रे, गणित व्हया.”

मी कुडाळला एका खाजगी कंपनीच्या कार्यालयात काम करतो. लोकांच्या तक्रारी येतात, यंत्र उत्तर लिहितं, मी वाचून पुढे पाठवतो. सुरुवातीला मी शब्द बदलायचो. बदलले की वरून विचारणा होते, म्हणून आता बदलत नाही. या नोकरीवर घर चालतं. तिच्याबद्दल मी कृतज्ञ आहे आणि ती सोडून जायला मला जागाही नाही.

रविवारी कागद घेऊन बसलो. पहिलं गणित घातलं आणि हात आपोआप फोनकडे गेला. यंत्राने ते सोडवलं. दुसरं मुद्दाम वाकडं केलं, तेही सोडवलं. तिसऱ्यात एक माहिती लपवली, तर काय लपवलं आहे ते त्याने नम्रपणे सांगितलं. मी आतून कडी घालायचो आणि ते बाहेरून काढायचं. पुढे तर गणित सुचायच्या आधीच ते यावर काय म्हणेल हे मनात येऊ लागलं आणि पेन्सिल थांबू लागली. पुढच्या रविवारीही तेच झालं.

बायको भात वाढताना म्हणाली, “अहो, येवढा कपाळ कित्याक धरतास? त्येकाच सांगा ना, तुका येवचा नाय असा एक गणित घाल म्हणान.”

मला हसू आलं नाही. ते मी आधीच करून पाहिलं होतं. त्याने एक घातलं आणि लगेच सोडवूनही दाखवलं.

शेवटचा शनिवार जवळ आला तेव्हा वडिलांचा फोन आला. पाऊस संपला की आमच्याकडे वायंगणाच्या, म्हणजे दुसऱ्या पिकाच्या भातासाठी ओहळाचं पाणी दगडमातीच्या बांधाने अडवतात. बांध कुठे घालायचा यावरून दोन वाड्यांत दरवर्षी वाद होतो.

“वरचे म्हणतत हय नको, खालचे म्हणतत थंय नको. तू शिकलेलो मगे, तूच सांग खंय घालूचो!”

विचार करून सांगतो म्हणालो. फोन ठेवला आणि सरांना चिठ्ठी लिहायला बसलो. सकाळी ती गावच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली.

सर,

तुम्हाला मनापासून नमस्कार. तुम्ही मागितलं तसं गणित मला जमलं नाही. मी घातलेलं प्रत्येक गणित यंत्राने सोडवलं. हल्ली त्याला विचारल्याशिवाय मला माझ्या डोक्याचा भरवसा वाटत नाही. वडिलांकडून तुम्ही मला मागून घेतलंत ते यासाठी नव्हे, म्हणून हे लिहिताना लाज वाटते.

फळ्यासाठी माझ्याकडे एवढंच आहे: “यंदाचा बांध आपल्या ओहळावर कुठे घालावा, म्हणजे दोन्ही वाड्यांच्या शेतांना पाणी मिळेल आणि वरच्या वाडीची पाणंद बुडणार नाही? ओहळ चालून पाहा, खोली मोजा, नकाशा काढा, कारण लिहा.”

याचं उत्तर मला येत नाही. म्हणजे तुमचा नियम मोडतो. याला गणित म्हणावं का, हेही मला नक्की माहीत नाही. यंत्राला मी हे अजून विचारलेलं नाही, सर. विचारायची भीती वाटते. फळ्यावर घ्यायचं की भिंत रंगवायला द्यायची, ते तुम्हीच ठरवा.

तुमचा विद्यार्थी