पुसलेले फोटो

विश्रामबागला पुसलेल्या फाइली परत काढून देणारा एकजण आहे. तो बोलतो कमी आणि स्क्रीन गिऱ्हाइकाकडे कधीच वळवत नाही. परवा मी काउंटरच्या आत, त्याच्याशेजारी बसलो होतो, तेव्हा एक धिप्पाड माणूस पेनड्राइव्ह घेऊन आला.

"बायकोनं यातनं काय पुसलंय, ते बघायचं हाय."

थोड्या वेळानं फोटो उघडले. एका बाईचा सुजलेला डोळा, गळ्यावर बोटांचे वळ.

"निघालं का काय?"

"न्हाई ओ. कायच न्हाई त्यात," तो म्हणाला आणि जरा वेळानं पेनड्राइव्ह परत दिला.

माणूस बाहेर पडल्यावर मी हळूच विचारलं, "दुसऱ्या कुणी काढले तर?"

"आता न्हाई निघायचं, पार कायमचं पुसलंय. कॉपी माझ्याकडं हाय. बाई आली तर तिला दीन."

तो दाराकडं बघत होता. बाहेर त्या माणसाची मोटारसायकल अजून सुरू झाली नव्हती.