आजींनी न वाचलेली पानं

२००४ साली आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला राहत होतो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत इंजिनियर होता. त्याच्या व्हिसावर आलेली म्हणून मला नोकरी करायची परवानगी नव्हती. नाशिकला मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. इथे नुसतं घरात बसून जीव कंटाळला, तेव्हा लायब्ररीत दर गुरुवारी सकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरायचा, तिथे मदतीला जायला लागले.

त्या वर्गाला एक चिनी आजी यायच्या. वय ऐंशीच्या आसपास. मुलगा त्यांना दारात सोडून कामावर जायचा आणि जेवणाच्या सुटीत न्यायला यायचा. लहानपणी मिशनच्या शाळेत शिकलेलं इंग्रजी त्यांना आठवून आठवून बोलावं लागे. मी एकदा चुकून त्यांना ‘आजी’ म्हटलं आणि मग अर्थ सांगितला. त्यांना ते इतकं आवडलं, की पुढे नावाने हाक मारली तर ओ देईनात.

लायब्ररीयन बाईंनी ठरवलं, की प्रत्येकाने ‘माझं गाव’ या विषयावर लिहून वाचायचं. आजींनी मला मदत मागितली. वर्ग सुटल्यावर मागच्या टेबलाशी आम्ही दोघी बसायचो. त्या सांगायच्या, मी लिहायचे आणि घरी जाऊन टाइप करायचे. पहिल्या दिवशी नदी आणि वडिलांचा तेलाचा घाणा एवढंच झालं. मला वाटलं, असंच काहीतरी गोड असणार. दुसऱ्या गुरुवारी त्यांच्या गोष्टीत गावाकडे जपानी फौज निघाली.

ज्यांना जमलं ते होड्यांतून पळाले. आजींचे वडील गावच्या व्यापाऱ्यांचे प्रमुख, ते राहिले. त्यांनी घरातली पांढरी चादर फाडली, आईने तिच्यावर लाल गोल शिवला, आणि ते निशाण घेऊन वडील वेशीवर उभे राहिले. नदीपलीकडचं गाव जळालं, यांचं वाचलं. फौजेने वडिलांना गावच्या कमिटीचे प्रमुख नेमलं. लोक समोर वाकायचे आणि पाठ वळली की थुंकायचे.

मग फौजेच्या टेलिफोनच्या तारा कुणीतरी कापायला लागलं. अधिकाऱ्याने वडिलांना तीन दिवस दिले. नाव सांगा, नाहीतर दहा घरं जाळतो. जेवताना वडिलांनी तेरा वर्षांच्या मुलीला अगदी हळू आवाजात विचारलं, शाळेत काही वेगळं दिसतं का गं? ती म्हणाली, गणिताच्या मास्तरांच्या हातांवर कापल्याच्या जखमा आहेत, कुंपण दुरुस्त करताना लागलं म्हणतात. दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना मास्तरांना उचललं. ते परत आले नाहीत. वर्षभराने चहाच्या दुकानात कुणीतरी वडिलांना गोळ्या घातल्या, तेव्हा गावात फटाके वाजले.

“सगळे म्हणतात, नाव वडिलांनी दिलं,” आजी म्हणाल्या. “दिलं मी. मुलाला हे माहीत नाही. आधी इथे, परक्यांसमोर वाचून बघते. जमलं तर त्याला सांगेन.”

पाच पानं झाली. पुढच्या गुरुवारी वाचायचं ठरलं. त्याच सुमारास वर्गात एक जपानी बाई यायला लागल्या. त्या माझ्या नवऱ्याच्या मॅनेजरच्या पत्नी निघाल्या.

मी हे जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास थांबला.

“म्हणजे त्या समोर बसणार आणि आजी हे सगळं वाचणार?”

“हो. मग?”

“यार, ग्रीन कार्डचे पेपर त्यांच्या नवऱ्याच्याच टेबलावर आहेत. लिहिलंयस तू, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. वाचू नका असं मी म्हणत नाही. पण नेमकं आत्ताच कशाला?”

“आजींचं आयुष्य आहे ते.”

“असू दे ना. काही महिन्यांनी वाचू दे.”

मी चिडले. भांडी आपटत घासली. आणि सकाळी, तो ऑफिसला गेल्यावर, मीच लायब्ररीयन बाईंना फोन केला. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. आजी हल्ली फार अस्वस्थ असतात, म्हटलं, वाचताना काही झालं तर? घरच्यांनाही आवडणार नाही बहुधा. बाईंनी माझ्या काळजीबद्दल माझे आभार मानले.

गुरुवारी आजी रेशमी जाकीट घालून आल्या होत्या. चष्मा लावून पानं हातात धरून बसल्या होत्या. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाल्या, आज गंभीर काही नको, आपापल्या गावचा एक पदार्थ सांगू या. आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फळ्याकडे बघत राहिले. माझी पाळी आली तेव्हा मी थालीपीठ सांगितलं, चांगलं रंगवून, हातवारे करून. मॅनेजरच्या पत्नी खळखळून हसल्या आणि त्यांनी कृती वहीत उतरवून घेतली. आजी म्हणाल्या, “आमच्याकडे भात खातात.” एवढंच बोलून त्यांनी पानांची घडी घातली.

बाहेर पार्किंगमध्ये त्या मुलाची वाट बघत उभ्या होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

“तू सांगितलंस का त्यांना?”

“नाही,” मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, मला ओळखल्यासारखं. “मास्तरांच्या बायकोने मला विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “मीही नाहीच म्हटलं होतं.”

हे त्या पाच पानांत नव्हतं. तेवढ्यात गाडी आली. त्यांच्या मुलाने मला हात केला, मीही हात केला.

आजी पुन्हा वर्गाला आल्या नाहीत. धीर करून फोन करायला मला दोन महिने लागले. सून म्हणाली, त्या कॅलिफोर्नियाला धाकट्या मुलाकडे गेल्या. नंबर हवा का, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, नको, सहजच केला होता.

त्या उन्हाळ्यात मॅनेजरच्या घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नीने मला विचारलं, “त्या चिनी आजी कुठल्या गावच्या?” मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. “माझे आजोबा सैन्यात त्याच भागात होते. मरेपर्यंत कधी एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी आजींच्या हातात कागद होते ना? मला वाटलं, त्या सांगतील. मी ऐकायच्या तयारीने बसले होते.”

पाचही पानं माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती.

“कागद?” मी म्हटलं. “कसले होते कोण जाणे.”

त्यांनी मान हलवली आणि ताटल्या बाहेर न्यायला घेतल्या. मी त्यांच्या मागून पाण्याचे ग्लास घेऊन गेले, आणि टेबलाशी सगळ्यांच्यात बसून जेवले.

दोन वर्षांनी ग्रीन कार्ड आलं. नवरा मला कधी काही म्हणाला नाही. त्या फोनबद्दल मी त्याला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने माझी समजूत घातली असती, आणि मी ती पटवून घेतली असती.