अकोल्यातली हिमनदी

मी एकदा हिमालय चालता केला होता. हिमनदी जागच्या जागी उभी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पहाड चढावर निघालेले, असा निष्कर्ष मी काढला आणि वर्गात फळ्यावर आकृतीसकट मांडलाही. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण घडलं खरं. त्यावर सगळ्यात जास्त हसलेला माझा मित्र रियाज काही आठवड्यांपूर्वी गेला. त्याच्या बायकोचा, शबानाभाभींचा फोन आला तेव्हा मी बडनेरा स्टेशनवर उभा होतो, अकोल्याला त्याच्याकडेच निघालो होतो. "भाऊ, आता सावकाश या," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, गाडीबद्दल बोलतायत. मी म्हणालो, "नाही नाही, गाडी टायमावर आहे..." गाडीत बसल्यावर मला त्यांच्या बोलण्याचा अर्थ लागला.

रियाज अकोल्याचा, वडील गाद्या-रजया भरणारे. अमरावतीला आम्ही बरोबर भूगोल शिकलो. मी मास्तर झालो आणि तो उपग्रहानं घेतलेली चित्रं वाचणारा. नोकरी नकाशांच्या सरकारी कार्यालयात. ती वर्षं दुष्काळाची आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची, सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. दिवसभर तो आटलेल्या विहिरी आणि कोरडे बंधारे नकाशावर चढवायचा, आणि संध्याकाळी घरच्या कम्प्युटरवर हिमालयातली एक हिमनदी उघडून बसायचा. ती त्याच्या जुन्या सरांनी त्याच्यावर सोपवलेली; दरवर्षी नव्या चित्राची सीडी टपालानं यायची. स्वतः त्यानं चिखलदऱ्याच्या बर्फाच्या गोळ्यापलीकडे बर्फ पाहिलेला नव्हता. मी एकदा वैतागून म्हणालो, "इथं माणसं मरून राहिली आणि तुले बर्फाचं काहून पडलं बे?" तो चिडला नाही. म्हणाला, "आपल्या पूर्णा नदीत त्याचा थेंब येत नाही, मले मालूम आहे. पण हळूहळू सरकणारं कोणाले दिसतच नाही ना. इथलं तरी कोणाले दिसलं? कोणीतरी दरसाल पाहात राहिलं पाहिजे." यावर मी चहा मागितला.

मग साखरेनं त्याचे डोळे धरले. आधी अक्षरं पुसट झाली, मग एका डोळ्यासमोर कायमचा काळा डाग आला. त्याचं काम तर सगळं डोळ्यांचं. गेल्या वर्षीचं आणि यंदाचं चित्र एकावर एक बसवायचं, गेल्या वर्षीची एखादी भेग यंदा कुठं आली ते शोधायचं, आणि मधलं अंतर मोजायचं. एक वर्ष जरी सुटलं तरी भेगा इतक्या बदलतात की ओळखू येत नाहीत, मागचं-पुढचं जुळत नाही. त्याला त्याचीच धास्ती होती. नोकरी गेल्याचं त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, पण "यंदाचं राहिलं तं?" हे मी त्याच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं. तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "मी आहे ना." तेव्हापासून माझे रविवार अकोल्याला जाऊ लागले. खस-वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरायचा, दाराजवळ भाभी वह्या तपासत बसायच्या (त्या शाळेत गणित शिकवायच्या), रियाज डोळे मिटून विचारायचा आणि मी पडद्यावर बोट ठेवून सांगायचो. भारनियमनाची वेळ झाली की सगळं अंधारात जायचं आणि मी जपून ठेवायला विसरलेलं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

हिमालय चालला तो याच दिवसांत. दोन चित्रं जुळवताना न हलणारे पहाड धरायचे असतात. मी धरले बर्फावरचे, बर्फाबरोबरच सरकणारे दगड, कारण ते ठसठशीत दिसत होते. दगड जुळले, म्हणजे बर्फ थांबला आणि पहाड सुटले. आकडेमोड मी घरी नेऊन केली आणि पुढच्या रविवारी आनंदानं आकडे वाचून दाखवले. रियाज ऐकत राहिला, मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "सुधाकर, पहाड कोणत्या गाडीनं निघाले? रिझर्वेशन भेटलं का त्यायले?" आणि खोकला लागेपर्यंत हसला. वर्गात सांगून बसलोय म्हटल्यावर तर त्याला पाणी द्यावं लागलं. "उद्या जाऊन सांग पोरायले," तो म्हणाला, "हिमनदी चालू आहे, सर थांबले होते."

शेवटच्या भेटीत त्यानं माझा हात धरला. आवाज बारीक झाला होता. "यंदाची सीडी येईन. तू करशीन ना?" मी म्हणालो, करीन. खोटं कशाला बोलू, थोडा अभिमान वाटला होता. एवढ्या मोठ्या कामाचा वारसा माझ्याकडे येत होता.

सीडी आल्याचं कळलं तसा गेल्या रविवारी मी अकोल्याला गेलो. गाडीत मनातल्या मनात दोन वाक्यं जुळवली होती, भाभींना धीर देणारी. त्यांची वेळच आली नाही. त्याच्या खोलीत कम्प्युटर चालू होता, खुर्चीत भाभी बसल्या होत्या, आणि पडद्यावर पहाड पहाडांवर नीट बसलेले, अर्ध्याहून जास्त भेगा मोजून झालेल्या. मी दारातच उभा राहिलो. भाभींनी मान न वळवता सांगितलं, "तुमी गेल्यावर दर रविवारी ते मले बसवत. तुमचं सारं पुसून पहिल्यापासून करून घेत. म्हणत, सुधाकर कुठं चुकला ते दाखव, म्हणजे तुले येईन." मग पुढच्या भेगेवर माऊस नेत म्हणाल्या, "पण तुमाले सांगू नको म्हणत. तो येणं बंद करन म्हणत... त्याच्याबिगर रविवार जात नाही म्हणत."

खिडकीशी त्याची उशी तशीच होती. मी चष्मा काढून पुसायला लागलो, बराच वेळ पुसत राहिलो. भाभींनी शेजारचं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं.

"बसा भाऊ, गप्पा मारा. पण माऊसले हात नका लावू."