मेंदूचा फोटो आणि गळ्यातला दोरा

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हा तिला बालवाडीच्या रांगेत उभं केलं असतं, तरी कुणाला शंका आली नसती. गणवेशाचं सगळ्यात लहान माप आणून तेही मी दोन्ही बाजूंनी आत घ्यायची. निलंग्यात आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "लई बारकी राहिली की हो लेक!" मी म्हणायची, "बारकी हाय तर हाय, तुमच्या दारात मागायला आली का?" माझं तोंड पहिल्यापासूनच फाटकं आहे.

तोंड कितीही चालवलं तरी पोरगी काही वाढेना. शेवटी लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, हा जन्मापासूनचा, जनुकातला दोष आहे, फार क्वचित कुणाला होणारा. आजाराचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. बाकीचं मात्र त्यांनी मला समजेल असं सांगितलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागच्या अंगाला वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्यूटरी. वाढायचा हुकूम तिथून सुटतो, तो हिच्यात सुटतच नाही. रोज इंजेक्शन दिलं तर उंची वाढेल, पण आधी मेंदूचा एमआरआय काढायचा. तिथं गाठ असली तर इंजेक्शन सुरू करता येणार नाही, आणि हाडांची टोकं एकदा मिटली की इंजेक्शन देऊन उपयोग नाही. "फार लांबवू नका," त्या म्हणाल्या.

मालक दुकान सोडून येऊ शकत नव्हते, म्हणून मी आणि सासूबाई लेकीला घेऊन लातूरला फोटो काढायला गेलो. घरून निघतानाच सासूबाईंनी तिच्या कानातले, पैंजण, बांगड्या, केसातल्या पिना सगळं उतरवलं होतं. फ्रॉकचं लोखंडी हूकसुद्धा उसवून काढलं होतं. मशीनवरच्या बाईंनी विचारलं, "अंगावर धातूचं काही नाही ना?" सासूबाई छाती पुढं काढून म्हणाल्या, "काईच न्हाई."

आम्ही लिंगायत. आमच्यात प्रत्येकाचं स्वतःचं पूजेचं इष्टलिंग असतं, जन्मापासून गळ्यात. लेकीचं चांदीच्या इवल्या डबीत होतं, छातीवर मधोमध येईल अशा दोऱ्यात ओवलेलं. दोरा झिजला की सासूबाई जुना शेजारी ठेवून त्याच मापाचा नवा करायच्या. गेली काही वर्षं माप बदलायची पाळीच आली नव्हती. आणि त्यांचा नियम कडक. लिंग अंगावेगळं करायचं नाही, झालंच तर परत गळ्यात येईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही.

मशीनवरच्या बाईंनी धातू तपासायची दांडी पोरीच्या अंगावरून फिरवली आणि छातीपाशी येताच दांडी पीं करून वाजली.

"आजी, हे काय? नाही म्हणालात ना?"

"ते लिंग हाय," सासूबाई म्हणाल्या. "ते काय सामान हाय का?"

खोटं बोलल्या नव्हत्या हो त्या! त्यांच्या लेखी ती डबी म्हणजे पोरीचं अंगच होतं. पोरगीही आजीच्याच तालमीतली. तिनं डबी दोन्ही मुठीत धरली आणि अस्सा टाहो फोडला की बाहेरचे पेशंट आत डोकावले. बाई म्हणाल्या, एवढं रडणारं मूल आत हलणार आणि फोटो खराब होणार, आता गुंगी देऊनच करावं लागेल. गुंगी देणाऱ्या डॉक्टरांची तारीख तिथं फार पुढची मिळत होती.

परतीच्या एसटीत माझा पारा चढला. "अत्याबाई, तुमचा नेम राहिला. पण पोरगी एवढीच राहिली तर कुणाच्या नावानं रडायचं?"

"लिंग काढल्यावर मग लेकराचं राहिलं काय?" त्या म्हणाल्या.  

माझं माहेर अर्धापूरचं. भावानं नांदेडला खटपट करून गुंगी देऊन फोटो काढायची जवळची तारीख मिळवली. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले.

"अत्याबाई, मला आठवा महिना होता तेव्हा हिचं लिंग कुणाच्या गळ्यात होतं?"

त्यांचा हात सुपातच थांबला. आमच्या घरात आठव्या महिन्यात पोटातल्या जिवासाठी लिंग बांधतात. बाळ येईपर्यंत ते आई सांभाळते, स्वतःच्या लिंगाच्या शेजारी.

"तुझ्या," त्या म्हणाल्या.

"मग उद्या तेवढा वेळ परत माझ्याच गळ्यात राहू द्या."

त्यांनी सुपातले दोन-तीन खडे वेचून टाकले. मग म्हणाल्या, "पोटात असताना चाललं, तर आता का चालू नये? पण परत गळ्यात येईस्तोवर लेकराला पाणी न्हाई."

पोरगी दारातून ऐकत होती. "आज्जे, डाक्टरबी तेच म्हणून राहिले. गुंगीच्या आधी खायचं न्हाई, प्यायचं न्हाई."

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या, "शाणे हायेत नांदेडचे डाक्टर."

नांदेडला पोरीनं स्वतः दोरा डोक्यावरून काढून माझ्या गळ्यात घातला. "हलू नको हां," वर मलाच बजावलं. गुंगीच्या औषधानं ती झोपली आणि तिला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. आतून ठकठक आवाज येत होता. भावानं अर्धापूरची केळी आणली होती, चहा मागवला. सासूबाईंनी कप दूर सारला. "लेकराच्या गळ्यात लिंग न्हाई आन् म्या चहा पिऊ?" एरवी मी दोन शब्द सुनावले असते. पण माझाही कप तसाच निवत होता. गाठ निघाली तर? सरळ सांगते, मला भयंकर भीती वाटत होती. गळ्यातल्या दोन्ही डब्या मी मुठीत घट्ट धरून बसले होते.

जागी झाल्यावर तिचा हात आधी छातीवर गेला. "माझं कुठंय?" मी दोरा काढून तिच्या गळ्यात घातला. तेव्हा सासूबाईंनी तांब्या तोंडाला लावला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पोरीनं लागोपाठ दोन केळी खाल्ली.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिला. ग्रंथी फारच लहान होती, तिचा देठही बारीक होता. गाठ मात्र नव्हती. "सुरू करू," त्या म्हणाल्या. तेव्हापासून रोज झोपायच्या आधी मीच तिच्या मांडीत सुई टोचते आणि ती रोज मला नवी शिवी घालते. तोंड माझ्यावर गेलंय, दुसरं काय!

परवा सकाळी ती आजीशेजारी पूजेला बसली होती. गळ्यातला दोरा न काढताच लिंग तळहातावर घ्यायचं, अशी तिची सवय. हात पुढं करून ती कुरकुरली, "आज्जे, दोरा पुरंना."

"पुरंना कसा? दसऱ्याला तर नवा केला!" सासूबाई करवादल्या. तरी उठून दोऱ्याची गुंडी आणली, लिंग पोरीच्या मुठीतच ठेवून दोरा तेवढा सोडवला, तो नेहमीसारखा शेजारी मापाला ठेवला, नवा दोरा त्याच्या बरोबरीनं धरला, आणि तशाच थांबल्या. मग जुना दोरा त्यांनी बाजूला सारला. "हिकडं ये," पोरीला म्हणाल्या, "सरळ उभी राहा." मानेपासून छातीपर्यंत त्यांनी दोरा सोडला. 

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "चार बोटं जास्त लागून राहिला गं."

काहीतरी टोचून बोलायचं सोडून मी दोऱ्याचं दुसरं टोक धरलं.