डेझमंड ट्रँटरचा नंबर

ग्लिन हेबडनच्या शेडमध्ये एका वेळी एकच गाडी बनायची. शेड कसली, जुना गोठाच तो. ओल्या दिवसांत अजूनही तिथे शेणाचा वास यायचा. पन्नास वर्षांपूर्वीच्या लांब नाकाच्या, दोन माणसांच्या एका स्पोर्ट्स कारची हुबेहूब नक्कल ग्लिन करायचा. खरी गाडी बड्या घरच्यांनीच ठेवावी अशी. ग्लिनची मात्र स्टोकच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या भट्ट्यांवर चाळीस वर्षं काढलेल्या डेझमंड ट्रँटरलाही झेपण्यासारखी होती. एकेका गाडीला तीन महिने लागत. गिऱ्हाइकांची नावं भिंतीवर खडूने लिहिलेली असत. वरचं पुसलं की खालची वर सरकत.

मार्चमध्ये डेझमंडचं नाव पाचवं लागलं. त्या दिवशी ग्लिनने त्याला फळीवर बसवून, पाय पसरायला लावून, शिंप्यासारखं कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतलं.

"एवढ्या लांब तंगड्या कुठं मावायच्या, राजा? बॉनेटला भोक पाडावं लागेल!"

डेझमंड घरी पोचेपर्यंत हसत होता.

जूनमध्ये त्याचं डावं पाऊल जिन्यात अडखळायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. नसांचा आजार, त्याला औषध नाही. पाय साधारण वर्षभर साथ देतील, मग हात, मग गिळणं, मग श्वास.

त्याची बायको एनिड परतीच्या वाटेवर म्हणाली, "ग्लिनला फोन कर. खरं काय ते सांग. तुझी गाडी तो आधी घेईल."

"आणि माझ्या पुढचे? तेही वाट बघतायत की."

"ते मरत नाहीयेत, डेस."

"तुला काय माहीत? त्यांनी तरी कुठं कुणाला सांगितलंय?"



रांगेत मध्ये घुसणारा माणूस डेझमंडच्या लेखी चोरच. कारखान्यात चहाच्या रांगेत कुणी पुढे शिरला, तर हा त्याच्याशी आठवडाभर बोलायचा नाही. एनिडला हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्याच्यात तिला आवडलं होतं तेही हेच.

दर महिन्याला ती त्याला शेडवर घेऊन जाई. काठी तो त्यांच्या गाडीतच ठेवी आणि आत गेल्यावर कामाच्या बाकाला टेकून उभा राही, सहज टेकल्यासारखा. एनिड बाहेर गाडीत बसे. रविवारी चॅपलमध्ये प्रार्थना करताना ती आता त्याला बरं कर असं मागत नसे, ते मागून झालं होतं. ग्लिनच्या हाताला वेग दे, एवढंच मागे.

फेब्रुवारीत डेझमंडच्या वर एकच नाव उरलं. तेव्हा ग्लिनने विषय काढला. "डेस, तुझ्या मागच्या माणसाच्या पोरीचं जूनमध्ये लग्न आहे. तिला याच गाडीतून चर्चला न्यायचं त्याच्या मनात आहे. त्याची आधी घेतली तर? नाही म्हणालास तरी मला राग नाही. पण तूच एक असा आहेस, कधी माझ्यामागे घाई लावत नाहीस."

डेझमंडने बाकाची कड घट्ट धरली. "चालेल की. पोरीचं लग्न काय पुढं ढकलायचं?"

गाडीत परत येऊन त्याने हे सांगितलं, तशी एनिड उतरली आणि तरातरा शेडकडे निघाली.

"एनिड! शब्द दिलाय मी."

ती अंगणाच्या मधोमध थांबली. पावसाची भुरभुर सुरू होती. मग ती परत आली आणि तिने गाडी सुरू केली.

गाडी सप्टेंबरात तयार झाली. गर्द हिरवी, आत तपकिरी चामडं. उन्हाळाभर डेझमंड शेडवर फिरकला नव्हता; आज तो चार पायांच्या वॉकरवर आला, आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ग्लिनचा चेहरा उतरला. त्याने आणि एनिडने दोन बाजूंनी धरून त्याला आत बसवलं. उजवं पाऊल कसंबसं हललं. डावं क्लचवर ठेवून त्याने दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबला. क्लच बोटभरही गेला नाही. त्याने पुन्हा दाबलं.

"कधीपासून?" ग्लिनने विचारलं.

"गेल्या वर्षीच्या जूनपासून," एनिड म्हणाली.

"म्हणजे मी लग्नाचं विचारलं तेव्हा..."

"हो. तेव्हाही."

"अरे गाढवा, एक शब्द बोलायचास! सगळे हो म्हणाले असते. नवरीचा बाप तर सगळ्यांत आधी!"

"म्हणून तर नाही बोललो," डेझमंड म्हणाला. त्याची जीभ आता जड झाली होती, शब्द एकेक करून येत. "त्यांना नाही म्हणता आलं नसतं."

ग्लिन पाठ फिरवून उभा राहिला. मग म्हणाला, "सरक तिकडे. मी फिरवून आणतो तुला."

"नको." डेझमंडने हात आता स्टिअरिंगवर ठेवले होते. "पुढचा कोण आहे?"

"डर्बीचा एक मास्तर."

"मग काढा मला बाहेर. तू त्याच्या गाडीला लाग, त्याचा खोळंबा नको."

ग्लिनने त्याला काखेखाली हात घालून धरलं. एनिडने वाकून त्याचं डावं पाऊल क्लचवरून उचललं. सैल, वजनदार असं ते पाऊल तिच्या ओंजळीत आलं, आणि तिने ते सांभाळून बाहेर आणलं.