पुलावर उभी राहिलेली मालगाडी

रामनाथ धुरींनी अर्जात चारच ओळी लिहिल्या होत्या. शनिवारी रात्री साडेदहा ते बारा या वेळेत इमारतीच्या मागच्या भिंतीवरचा दिवा बंद ठेवण्यास परवानगी मिळावी; कारण: छायाचित्रण; दिवा पुन्हा लावण्याची जबाबदारी अर्जदाराची. खाली सही, तारीख आणि सदनिका क्रमांक. सोसायटीचे सेक्रेटरी हर्षदभाई त्यांच्याच मजल्यावर समोरच्या दाराआड राहत. पण दारातल्या दारात तोंडी सांगून काम उरकावे, हे धुरींच्या स्वभावात नव्हते. हर्षदभाईंनी हसून सही केली आणि आठवण दिली, की रविवारी सकाळच्या सभेत धुरीकाकांचाच विषय आहे.

धुरींना आठवण देण्याची गरज नव्हती. वार्षिक सभेच्या पत्रिकेत सातवा विषय होता: मागच्या मोकळ्या पट्ट्यात दुचाकींसाठी जागा करणे. कांदिवली पूर्वेच्या त्या इमारतीत बिऱ्हाडे बेचाळीस आणि स्कूटरी पन्नासच्या वर. तेव्हा मागणी काही खोटी नव्हती. फक्त तो पट्टा मोकळा नव्हता. अकरा वर्षांपासून तिथे धुरींची रेल्वे होती.

चौतीस वर्षे मालगाडीवर गार्ड म्हणून काढल्यावर धुरी निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच महिन्यात भिंतीकडेच्या अबोलीच्या वाफ्यातून त्यांनी पहिला रूळ टाकला. रूळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे, स्लीपर सागवानाच्या तुकड्यांचे, डबे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांचे. पावसाचे पाणी वाहून नेणारी मोरी वाटेत आली, तेव्हा तिच्यावर त्यांनी सहा कमानींचा पूल बांधला. गवती चहाच्या बेटामागे घाट होता, त्यापलीकडे एक स्टेशन. इंजिनाला बॅटरी होती आणि धुरींच्या हातात चालवायची कळ.

हे सारे दिवसा पाहिले, तर रंग उडालेले डबे, रुळांवरचा पाला आणि मुंग्यांची रांग एवढेच दिसे. इमारतीच्या मागच्या अंगाला सगळ्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या. तिथून खाली वाकून पाहायला सवड कोणाला? म्हाताऱ्याचा भंगाराचा नाद, असे सभासद म्हणत. आणि धुरींची बायको सगुणा त्यांच्यापेक्षा मोठ्याने म्हणे.

नेत्रा तांडेलला मात्र ती रेल्वे रात्री दिसली होती. नेत्रा दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायची. मढच्या कोळीवाड्यात वाढलेली. आई अजून मालाडच्या बाजारात मासळी घेऊन बसते. नेत्रा अंधेरीच्या एका स्टुडिओत दागिन्यांचे फोटो काढते, म्हणजे नखाएवढ्या वस्तूला उजेड कसा द्यायचा, हे तिचे रोजचे काम. महिन्यापूर्वी एकदा वीज गेली असताना दांडीवरचे कपडे काढायला ती खिडकीशी आली, आणि खाली काळोखात एक गाडी घाट चढताना तिने पाहिली. स्टेशनाच्या खिडक्यांत तांदळाएवढे दिवे होते. गाडी दिसेनाशी झाली, तरी शेवटच्या डब्याचा लाल ठिपका गवतामागून हलत राहिला. दुसऱ्या दिवशी ती धुरींना जाऊन म्हणाली, की सभेपुढे ठेवायला यापेक्षा दुसरे काही बोलायची गरजच नाही. लोकांना हे एकदा रात्री दिसायला हवे. धुरी म्हणाले, की त्यासाठी भिंतीवरचा दिवा बंद करावा लागेल, म्हणजे अर्ज करावा लागेल.

तर शनिवारी साडेदहाला दिवा बंद झाला. नेत्राने डासांसाठी कासवछाप पेटवून दूर ठेवली, कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवला आणि पुलाकडे रोखला. चित्र तिच्या मनात पक्के होते: कमानींवर गाडी, मागे गवती चहाचा डोंगर, पलीकडे उजळलेले स्टेशन. एवढ्या कमी उजेडात कॅमेऱ्याचे शटर तीस सेकंद उघडे ठेवावे लागणार होते, आणि तेवढा वेळ गाडी पुलावर स्थिर हवी होती.

“काका, पुलावर आली की थांबवा.”

“का?”

“फोटोसाठी.”

“पुलावर काय स्टेशन आहे?”

तिला वाटले, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये विनाकारण उभी करत नाहीत, आणि पुलावर तर नाहीच, हे त्यांनी तिला शांतपणे समजावले. तिने विनवले, उद्याच्या सभेची आठवण दिली. धुरी म्हणाले की सभा त्यांच्या ध्यानात आहे, पण नियम सभेच्या आधीचा आहे. वरून, न्हाणीघराच्या खिडकीतून, सगुणाकाकींचा आवाज आला: “ह्यांका सांगान काय उपेग नाय गो. लग्नातसुद्धा वेळापत्रक बघून बोहल्यार चढले हे.”

तेव्हा गाडी चालती ठेवूनच फोटो घ्यायचे ठरले. सहा घेतले. सहाहींत पूल होता, घाट होता, स्टेशन होते, गाडी नव्हती. तीस सेकंदांत ती चौकटीतून निघून जाई आणि मागे उजेडाची एक रेघ तेवढी उरे. सव्वाअकरा वाजले. नेत्राला आता भीती वाटू लागली. कारण या चित्राच्या भरवशावर तिनेच काकांना बोलू नका म्हणून सांगितले होते, आणि काकांनी सभेत करायच्या भाषणाचा कागद खरोखरच फाडून टाकला होता.

सातव्या वेळी कॅमेऱ्याची कळ दाबली आणि तिच्या लक्षात आले, की कॅमेऱ्यावर लावलेला एक आकडा चुकलाय. तिने कपाळावरच्या पट्ट्यातला लाल दिवा लावला. रात्री काम करणारे छायाचित्रकार लालच दिवा वापरतात. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपतात. दिवा लागला आणि पुलावर आलेली गाडी जागच्या जागी उभी राहिली.

“काय झालं? बॅटरी गेली?”

“लाल दाखवलास ना,” धुरी म्हणाले.

नेत्राच्या कोळीवाड्यात लाल दिवा म्हणजे होडीची डावी बाजू. त्यापलीकडे त्या रंगाला काही अर्थ नव्हता. मग तिने शटर मध्येच मिटवले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले. चित्र अर्धवटच आले होते, तिच्या दिव्याची तांबूस झाक त्यात शिरली होती, पण पुलावर गाडी होती. डब्यांच्या दारांवरचे खिळेसुद्धा मोजता येत होते.

तिने लाल दिवा घाईने विझवला आणि वाट पाहिली. गाडी हलली नाही.

“आता का नाही सोडत?”

“लाल विझला म्हणजे हिरवा झाला, असं नसतं,” धुरी म्हणाले. “लाल कोणी दाखवला, का दाखवला, ते मला ठाऊक नाही. हिरवा मिळेपर्यंत गाडी उभी.”

हाच माणूस अर्धा तास तिच्या शब्दाखातर गाडी थांबवायला तयार नव्हता, आणि आता रात्रभर थांबवायला तयार होता. नेत्राला हसू आले. पण ते बाहेर येता येता विरले. असाच हा माणूस रत्नागिरीच्या अलीकडच्या एखाद्या बोगद्याच्या तोंडाशी, पावसात, चाळीस डब्यांच्या शेवटी एकटा उभा राहिला असेल. त्याला कोणी पाहत नसेल आणि विचारणारेही कोणी नसेल. तो तेव्हाही असाच वागला असेल, याविषयी तिच्या मनात शंका उरली नाही.

पुढचे काम उजेडाचे होते. शटर उघडे असताना हातातला पांढरा टॉर्च डोंगरावरून, कमानींवरून फिरवायचा, म्हणजे चित्रात तेवढा भाग उजळतो. स्टुडिओतल्या सवयीने नेत्राने टॉर्च झपाझप फिरवला. धुरींनी लगेच हात वर केला. कोणताही दिवा जोराने हलवला, मग तो कुठल्याही रंगाचा असो, तर तो धोक्याचा इशारा असतो. असे करू नकोस, म्हणाले, हात भरून आला तरी चालेल, पण सावकाश ने. गाडी तर उभीच होती. तरीही तिने ऐकले. भिंतीला चुना लावावा, तसा तिने उजेड कमानीमागून कमानीवर नेला. आणि हे चित्र पडद्यावर उमटले, तेव्हा दहा वर्षे उजेडाशी खेळणाऱ्या नेत्राला कळले, की आपला हात आजवर घाई करत होता.

मग तिने इंजिनाकडे कॅमेरा वळवला. धुरी जवळ आले आणि पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून काही मागितले. “शेवटचा डबा घे. जमलं तर.”

शेवटचा डबा गार्डाचा होता. नेत्राने वाकून पाहिले. आत आगपेटीएवढी खुर्ची होती, खुंटीवर कंदील होता, आणि कोपऱ्यात एक जेवणाचा डबा, उडदाच्या दाण्याएवढा. बाकी सगळ्या गाडीवर बिस्किटांच्या कंपनीची अक्षरे पुसट दिसत होती. या एका डब्यावर मात्र हाताने चार वेळा रंग दिलेला होता. तिने कॅमेरा उचलला, गाडीच्या मागे जरा उंचावर टेकवला आणि तिथून चित्र घेतले: जवळ गार्डाचा डबा आणि त्याचा लाल दिवा, पुढे वळत गेलेली सगळी गाडी, खाली मोरीचे काळे पाणी, आणि दूर, अजून न आलेले स्टेशन.

चित्र उमटताच ती त्यांना दाखवायला उठली. धुरी जागचे हलले नाहीत. तिला वाटले, रागावले. मग तिच्या ध्यानात आले. तिने मोबाइलचा पडदा हिरवा केला आणि हात लांब करून स्थिर धरला. मालगाडी पुलावरून निघाली, घाट उतरली आणि स्टेशनात लागली. मग धुरींनी चष्मा पुसला आणि चित्र पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. “बरं आलंय,” म्हणाले, आणि दिवा लावायला गेले. बाराला दोन मिनिटे कमी होती.

सकाळच्या सभेत धुरी सातव्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. नेत्राने सकाळीच स्टुडिओतून मोठ्या कागदावर छापून आणलेले ते चित्र टेबलावरून हातोहात फिरले. कुठलं आहे हे, असे तिसऱ्या मजल्यावरच्या सुलक्षणाबाईंनी विचारले. तुमच्या न्हाणीघराखालचं, असे सांगितल्यावर त्यांना खरे वाटेना. खुर्च्यांवर कुजबूज झाली. हर्षदभाईंनी चित्र दोनदा हातात घेतले आणि दोनदा खाली ठेवले. स्कूटरींचा प्रश्न आहेच, असे ते प्रामाणिकपणे म्हणाले. मग हात वर करायची वेळ आली. घर सगुणाकाकींच्या नावावर होते, त्यामुळे मत त्यांचे. काकी आजवर एकाही सभेला आल्या नव्हत्या. स्कूटरींच्या बाजूने सोळा हात वर झाले. विरोधात किती, असे विचारताच काकींनी हात वर केला आणि तो मोजणी संपेपर्यंत खाली घेतला नाही.

“काकी, तुम्ही तर रोज भांडता या रेल्वेवरून,” हर्षदभाई म्हणाले.

“भांडतंय तर. माझो घो आसा, मी भांडतलय,” काकी म्हणाल्या. “स्कूटरवाल्यांनी कित्याक भांडूचा?”

विरोधात एकोणीस भरले. रेल्वे राहिली, स्कूटरींसाठी पुढच्या फाटकाजवळची कुंड्यांची रांग हलवायचे ठरले. फक्त एक अट कोणीतरी घातली आणि ती सर्वांना पटली, की दर रविवारी संध्याकाळी काकांनी गाडी सभासदांना दाखवावी. धुरींनी ती मान्य केली, आणि पावसाळ्याचे चार महिने वाहतूक बंद राहील, असे इतिवृत्तात लिहून घेतले.

पुढच्या आठवड्यात सूचनाफलकावर, पाणी येण्याच्या वेळांखाली, एक हस्तलिखित वेळापत्रक लागले: रविवार, पहिली गाडी एकोणीस चाळीस, दुसरी वीस दहा. त्या रविवारी हर्षदभाई बायकोमुलांना आणि वरच्या दोन बिऱ्हाडांना घेऊन पावणेआठला मागच्या पट्ट्यात पोचले. स्टेशन उजळलेले होते, पण रिकामे होते. गवती चहाच्या बेटापलीकडे एक लाल ठिपका घाट चढत होता. नेत्रा मोरीच्या कठड्यावर बसली होती; तिने सरकून त्यांना जागा करून दिली. गाडी वेळेवर सुटली होती. धुरींनी मागे वळून हर्षदभाईंकडे पाहिले, मान किंचित लववली, आणि पुढची वीस दहाला आहे, म्हणून सांगितले.